घरचं काम घरी : थेंब कुठून आला?



गेल्या वेळी आपण शिलाई मशीनचा दोरा सारखा का तुटतो ते बघितलं. त्यावर आपल्या धाकट्या वाचकांपैकी दोघातिघांनी कळवलं, "काका, आमच्या घरी आजोबांची जुनी गाडी उभी आहे, तिच्याबद्दल काहीतरी लिहा की!" योगायोग बघा, मी स्वतःच या महिन्यात तीन रविवार अशाच एका गाडीखाली, पाठीवर पडून काढले. इथेच, केलगेरीत. म्हणून आजचा विषय आहे जुन्या गाडीच्या गिअरबॉक्समधून होणारी तेलगळती.

ज्यांच्याकडे जुनी गाडी नाही त्यांनी पान उलटू नये. गळणारा नळ, गळणारं छप्पर आणि गळणारा गिअरबॉक्स या तिघांचा पहिला नियम एकच आहे. थेंब जिथे पडतो तिथे गळती असतेच असं नाही. आधी थेंब कुठून निघाला ते शोधायचं, मग पान्याला हात लावायचा. वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मुलांना मी हेच सांगत आलो, आणि दर वर्षी निम्मी मुलं आधी पानाच उचलायची.

फियाट, म्हणजे पद्मिनी

गाडी माझ्या थोरल्या भावाची. १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. तुमच्यापैकी ज्यांनी ती फक्त जुन्या सिनेमात पाहिली असेल, त्यांच्यासाठी थोडा इतिहास सांगतो. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कारखाना मुंबईत, कुर्ल्याला. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९६४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० डी बनू लागली. १९७४ च्या सुमारास तिलाच पद्मिनी हे नाव मिळालं. पण धारवाड-हुबळीच्या मराठी घरांत तिला पद्मिनी कोणी म्हणालं नाही. ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. २००० च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती आणखी बरीच वर्षं धावली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून गेली.

त्या काळी गाडी दुकानातून उचलून आणता येत नसे. नाव नोंदवायचं, पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. त्यामुळे आलेली गाडी घरातल्या माणसासारखी सांभाळली जायची. दादा दर रविवारी तिला पुसायचा. बेळगावची लग्नं, गोव्याच्या कुलदेवतेची वारी, पोरांच्या परीक्षा, सगळं तिच्यातूनच.

यंत्र म्हणून ही गाडी समजायला सोपी आहे. पुढे १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, त्याच्या मागे क्लच, क्लचच्या मागे गिअरबॉक्स, आणि तिथून गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत गेलेला लांब प्रोपेलर शाफ्ट. गिअरचा दांडा जमिनीवर नाही, स्टिअरिंगच्या शेजारी. पुढे जायला चार गिअर. त्यांतला पहिला सिंक्रोमेश नसलेला, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकला तर असा करकरतो की शेजारी खिडकीत येतात.

गेल्या श्रावणात दादा गेला. गाडी पोर्चमध्ये उभी राहिली, आणि फरशीवर तेलाचे डाग पडायला लागले.

पैज

डाग म्हणजे एवढं काय, असं वाटेल. पण आमच्या वहिनींना त्याचा त्रास वेगळाच होता. पोर्चच्या फरशीला रस्त्याकडे उतार आहे. रस्त्याचं पाणी गटारात, आणि गटाराचं पाणी खालच्या अंगाला तळ्याकडे. केलगेरीचं तळं शंभर वर्षांहून जुनं, विश्वेश्वरय्यांचं नाव त्याच्याशी जोडून सांगतात. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हापासून सकाळी त्या तळ्याच्या बांधावर फिरायला जातात. पहिल्या पावसात पोर्चमधून इंद्रधनुष्याचे रंग वाहत बाहेर गेले, ते त्यांनी पाहिलं. मला म्हणाल्या, "भाऊजी, हे माझ्या दारातून जातंय. मला ते बरं वाटत नाही."

त्यात गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आलेली. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, मग दर पाच वर्षांनी गाडी आरटीओला दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. तेल टपकणारी गाडी तिथे घेऊन जायची कशी? पुण्याच्या पुतण्याचं म्हणणं सरळ होतं, की आईला एकटीला हा व्याप नको, विकून टाका. एक दलाल येऊन बघूनही गेला. त्याने सांगितलेली किंमत भंगाराची होती आणि कारणही त्याने तेच दिलं : "गिअरबॉक्स गेलाय."

बंगळूरला नोकरी करणारी पुतणी मात्र हटून बसली. शेवटी भावंडांचं असं ठरलं, की तिने तीन रविवार यायचं. तेवढ्यात गळती थांबली तर गाडी राहील, नाही थांबली तर दलालाला फोन.

हुबळीतल्या एका गॅरेजमध्ये सहा महिन्यांत दोनदा गिअरबॉक्सचं मागचं ऑइल सील बदलून झालं होतं. दोन्ही वेळा आठवडाभर फरशी कोरडी राहिली आणि पुन्हा डाग. दुसऱ्यांदा तर डाग आधीपेक्षा मोठा! नवं सील घातल्यावर गळती वाढते कशी, या प्रश्नातच सगळी मेख होती.

मदतीला आम्ही दादाच्या जुन्या मेस्त्रींना बोलावलं. वय झालंय, गुडघे वाकत नाहीत, दृष्टीही कमी. त्यांना पोर्चमध्ये खुर्ची दिली, चहा दिला. त्यांनी गाडीकडे बघून एकच शब्द उच्चारला, "सोराकत्तैति." गळतंय. आणि पुतणीला म्हणाले, "मी नुसता बसणार. हात तुझे."

पहिला रविवार : माग काढणं

पहिल्या रविवारी एकही नट सोडला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण मोह फार होतो.

पहिलं काम, गळतंय ते कोणतं तेल ते ओळखणं. गाडीत पाचसहा तऱ्हेचे द्रव असतात. इंजिनचं वापरलेलं तेल काळं आणि पातळ. रेडिएटरचं पाणी हाताला तेलकट लागत नाही, आणि कूलंट घातलेलं असेल तर त्याला रंग असतो. ब्रेकचं तेल पातळ, फिकट, आणि रंगावर पडलं तर रंग सोलून काढतं. ते गळत असेल तर गाडी हलवूच नका. गिअरचं तेल जाड, मधासारखं, आणि वासाला उग्र, गंधकाचा. बोटावर घेऊन वास घेतला की एकदा कळलं ते कायमचं कळलं. आमचं तेल गिअरचंच होतं.

दुसरं काम, सफाई. चाळीस वर्षांचं तेल आणि आपल्या इकडची लाल माती मिळून गिअरबॉक्सवर लिंपणासारखा थर बसतो. त्या थराखाली काहीही दिसत नाही. डिझेल आणि जुना ब्रश घेऊन पुतणीने दोन तास तो खरवडला. पेट्रोलने धुवायचं नाही, एक ठिणगी पुरते. मग फडक्याने कोरडं करून वाळू दिलं.

तिसरं काम मेस्त्रींनी सांगितलं, आणि पुतणी हसलीच. घरातली अंगाला लावायची पावडर आणायची, आणि कोरड्या झालेल्या गिअरबॉक्सवर भुरभुरवायची. पांढऱ्या पावडरीवर तेलाची वाट बोटाने रेघ ओढावी तशी काळी उमटते. खाली फरशीवर पांढरा पुठ्ठा पसरायचा आणि त्यावर खडूने चाकांच्या खुणा करायच्या, म्हणजे थेंब नेमका कशाखाली पडला ते सकाळी कळतं.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. गळती गाडी उभी असताना होते की चालताना? गिअरबॉक्समध्ये तेल काठोकाठ भरलेलं नसतं. तळात एका पातळीपर्यंत असतं. गाडी उभी असताना थेंब पडत असेल, तर भोक त्या पातळीच्या खालीच असलं पाहिजे. पातळीच्या वर असलेल्या फटीतून तेल चालत्या गाडीतच बाहेर येतं, कारण तेव्हा दातेरी चाकं ते उडवत असतात. शिवाय चालत्या गाडीत वारा तेलाला मागे ढकलतो, म्हणून चालताना होणाऱ्या गळतीचं मूळ ओल्या डागाच्या पुढे आणि वर शोधायचं.

रात्रभर गाडी उभी ठेवली. सकाळी पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग. पावडरीवर एकच काळी रेघ, आणि ती मागच्या सीलपासून नव्हे, तळाच्या बुचापासून निघालेली! मग पुतणीने गाडी विद्यापीठाच्या रस्त्याने दहा किलोमीटर फिरवून आणली. परत बघितलं तर आता मागच्या सीलभोवतीही ओलं.

म्हणजे गळत्या दोन होत्या. एक उभ्या गाडीची, एक चालत्या गाडीची. गॅरेजने दुसरी बघितली, तिच्यावर इलाज केला. फरशीवरचा डाग मात्र पहिलीचा होता.

दुसरा रविवार : बूच

पुढे जाण्याआधी सुरक्षिततेचं सांगतो, आणि हे वाचल्याशिवाय कोणीही गाडीखाली जाऊ नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा. जॅकने उचलायची आणि जाड लोखंडी स्टँडवर टेकवायची. विटांवर नाही, वीट फुटते. जमीन सपाट आणि पक्की हवी. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके. आणि खास या गाड्यांसाठी एक गोष्ट : आपण गाडी गिअरमध्ये टाकून उभी करतो तेव्हा ती प्रोपेलर शाफ्टमुळे थांबून राहते. शाफ्ट सोडला की गिअरचा काही उपयोग उरत नाही, गाडी मोकळी घरंगळते. तेव्हा ओंडक्यांवरच भिस्त. पोटाखाली एकटं जायचं नाही, हाकेच्या अंतरावर कोणीतरी हवं. आमच्याकडे खुर्चीत मेस्त्री होते, आणि दर दहा मिनिटांनी "झालं का गं?" विचारायला वहिनी.

तेल काढताना मेस्त्रींनी विचारलं, "आधी कुठला बूच सोडणार?" पुतणीने तळाचा दाखवला. त्यांनी मान हलवली. गिअरबॉक्सला दोन बुचं असतात. तळाचं तेल काढायला, आणि बाजूला थोडं वर असलेलं तेल भरायला. आधी वरचं सोडून बघायचं. ते गंजून बसलं असेल आणि सुटलंच नाही, तर तळाचं उघडून तेल सांडून टाकल्यावर गाडी कोरडी पडेल आणि भरायला वाटच राहणार नाही. साधी गोष्ट, पण ती माहीत नसल्यामुळे गाड्या दोरीने ओढून न्याव्या लागल्या आहेत.

वरचं बूच सुटलं. तळाचं सोडलं, तेल परातीत घेतलं. परातीतल्या तेलात बोट फिरवून बघायचं असतं. चंदेरी चिखलासारखी बारीक पूड असेल तर काळजी नाही, ती वयाची झीज आहे. टोकदार कपचे किंवा दात्याचे तुकडे सापडले तर मात्र काम घरचं राहिलं नाही, गिअरबॉक्स उघडायला लागणार. आमच्या परातीत नुसती पूड होती. दलालाचा "गेलेला" गिअरबॉक्स चांगला ठणठणीत निघाला.

आता तो बूच. चाळीस वर्षांत मूळचा राहिलेला नव्हता, कोणीतरी बाजारातला दुसरा, तांब्याचं वायसर लागणारा बूच बसवला होता. तांब्याचं वायसर मऊ असतं. बूच आवळला की ते दबतं आणि दोन धातूंमधली फट भरून काढतं. पण एकदा दबलं की कडक होतं, दुसऱ्यांदा तसं दबत नाही. आमचं वायसर पापडासारखं चपटं झालेलं, एका बाजूला चिरलेलं. सील बदलताना दोन्ही वेळा तेल काढलं गेलं, दोन्ही वेळा तेच वायसर परत घातलं गेलं, आणि गळू नये म्हणून बूच आणखी जोर लावून आवळला गेला. नव्या सीलनंतर डाग मोठा का झाला, त्याचं उत्तर हे.

नवं वायसर चहाच्या कपाएवढ्या पैशात मिळालं. बसवण्याआधी बूच आणि गिअरबॉक्सचा टेकणारा भाग फडक्याने लख्ख पुसायचा. हाताने आटे धरतील तेवढं फिरवायचं, मग पान्याने घट्ट. गिअरबॉक्सचं कवच अॅल्युमिनियमचं असेल तर जास्त जोराने आटे जातात किंवा कवचच तडकतं, आणि मग खर्च हजारांत जातो. काही गाड्यांचे बूच निमुळते असतात, त्यांना वायसर नसतंच. तिथे जोर लावण्याचा मोह आणखी आवरायचा.

तिसरा रविवार : सील

ऑइल सील म्हणजे रबराचं कडं. बाहेरच्या बाजूला पत्रा, आतल्या बाजूला पातळ ओठ, आणि तो ओठ फिरणाऱ्या शाफ्टवर टेकलेला राहावा म्हणून त्याच्या पाठीमागे बारीक स्प्रिंग. रबर वयाने कडक होतं. गाडी उभी राहिली की आणखी लवकर होतं, कारण ओठाला तेल लागत नाही, तो सुकतो. वापरातल्या गाडीपेक्षा उभी गाडी जास्त गळते, ती याच कारणाने.

पण आमचं सील नवं होतं. मग का गळत होतं? प्रोपेलर शाफ्ट सोडला. सोडण्याआधी जोडाच्या दोन्ही बाजूंना पंचने एकेक खूण केली, म्हणजे तो जसा होता तसाच परत बसेल. फिरवून बसला तर गाडी थरथरते. मग ज्या गोल भागावर सीलचा ओठ टेकतो, तो पुसून पुतणीला नख फिरवायला सांगितलं. नख अडकलं. चाळीस वर्षं एकाच जागी ओठ घासून लोखंडात बारीक चर पडली होती. रबर लोखंडाला झिजवतं, यावर तिचा विश्वास बसेना. रबर एकटं नाही झिजवत, त्याच्या ओठात अडकलेली धूळ झिजवते.

नवं सील त्याच जुन्या चरीवर टेकलं की आठवडाभर तग धरतं आणि मग सोडतं. याला तीन उपाय आहेत. चर उथळ असेल तर नवं सील दीडदोन मिलिमीटर मागेपुढे बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर टेकतो. मधली असेल तर त्या भागावर पातळ पोलादी बाही चढवायची, ती बाजारात तयार मिळते. खोल असेल तर लेथवर भराव घालून, कातून, पुन्हा गुळगुळीत करून घ्यायचा. आपल्या भागात लेथ चालवणाऱ्या हातांची वाण नाही, हुबळीत आहेत, आणि बेळगावच्या उद्यमबागेत तर गल्लोगल्ली.

आमची चर उथळ होती. पहिला उपाय पुरला.

सील आणायला गाडीचं नाव घेऊन दुकानोदुकानी फिरावं लागत नाही, हे धाकट्यांनी लक्षात ठेवावं. सीलवर तीन आकडे असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, सगळे मिलिमीटरमध्ये. ते आकडे घेऊन बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात जा. जुळणारं सील ट्रॅक्टरचं असो की पंपाचं, आकडे बरोबर असले आणि रबर तेलाला टिकणारं असलं की झालं. आकडे पुसले गेले असतील तर कॅलिपरने मोजा.

बसवताना चार गोष्टी पाळायच्या. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. उलटं बसवलेलं सील पहिल्या फेरीतच गळतं. ओठाला आधी गिअरचं तेल लावायचं, कोरडा ओठ पहिल्याच मिनिटात करपतो. शाफ्टचे खाचे धारदार असतात, त्यांच्यावर चिकटपट्टी गुंडाळायची, म्हणजे वरून जाताना ओठ कापला जात नाही. आणि सील हातोडीने ठोकायचं नाही. त्याच्याच व्यासाचा पाइपचा तुकडा किंवा लाकडी ठोकळा ठेवून, चारी बाजूंनी सारखं, हळूहळू आत सरकवायचं. मेस्त्री डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होते. एका ठिकाणी म्हणाले, "थांब. वाकडं जातंय." बघितलं, खरंच वाकडं होतं.

त्याच वेळी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉसही हलवून बघितला. तो ढिला असेल तर शाफ्ट मार खातो, आणि तो मार सीलला बसतो. गिअरबॉक्सला श्वास घ्यायची बारीक वाट असेल तर तीही मातीने बुजलेली नाही ना ते बघावं. तेल तापलं की आतली हवा फुगते, तिला वाट मिळाली नाही तर ती सीलमधूनच तेलासकट बाहेर पडते.

एक गळती मात्र घरी करू नका. क्लचच्या घराच्या तळातून तेल टपकत असेल तर ते इंजिनच्या मागच्या सीलचं तरी असतं किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूचं. त्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. तो फार जड असतो, आणि पोर्च ही त्याची जागा नव्हे.

तेल भरताना

तेलाच्या डब्यावर एसएई ९० किंवा ८०डब्ल्यू-९० लिहिलेलं असतं, तो जाडपणा. त्याशिवाय जीएल-४, जीएल-५ असं लिहिलेलं असतं. मोठा आकडा म्हणजे चांगलं तेल, असं समजून लोक जीएल-५ घालतात. त्यात दाब सोसण्यासाठी गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. मागच्या अॅक्सलला ती हवीच असतात. पण जुन्या गिअरबॉक्समधल्या सिंक्रोमेशच्या पितळी कड्यांना काही जीएल-५ तेलं खातात. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत बघायचं, आणि पुस्तिका नसेल तर पितळेला अपाय करत नाही अशी खात्री असलेलं जीएल-४ घ्यायचं.

भरताना गाडी चारी चाकांवर सारखी सपाट हवी. पुढून उचललेल्या गाडीत तेल मागे जमतं आणि पातळी चुकीची दिसते. वरच्या बुचातून तेल भरत राहायचं, ते त्याच भोकातून ओघळायला लागलं की थांबायचं. ओघळ थांबू द्यायचा आणि बूच लावायचा. त्याहून जास्त कोंबलं तर जादाचं तेल बाहेर यायला वाट शोधतंच.

उरलेल्या जुन्या तेलाचं काय? आपल्याकडे ते कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून चोपडतात, किंवा परसात ओतून मोकळे होतात. दोन्ही सोडून द्या. वापरलेलं तेल हा कायद्यानेही घातक कचरा आहे, २०१६ च्या नियमांत तशी नोंद आहे. झाकणाच्या डब्यात भरून, जे गॅरेज आपलं तेल पुनर्वापरासाठी देतं तिथे नेऊन द्यायचं. फरशीवर सांडलेल्या तेलावर वखारीतला भुसा टाकायचा, तासाभराने झाडून पिशवीत भरायचा. फरशी पाण्याने धुतली तर ते तेल तळ्याकडेच निघालं. वहिनींनी या एका कामावर स्वतः देखरेख केली.

पुठ्ठा कोरडा

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी पुतणी गाडी गोवा रस्त्याने अळणावरच्या दिशेने वीस किलोमीटर घेऊन गेली आणि परतली. रात्री गाडीखाली नवा पांढरा पुठ्ठा. सकाळी त्यावर काही नव्हतं. तरी मेस्त्रींनी ताबडतोब शाबासकी दिली नाही. म्हणाले, "आठ दिवस बघा, मग मला फोन करा." आठ दिवसांनी वहिनींनी फोन केला.

तिन्ही रविवारांचा सगळा खर्च, म्हणजे सील, वायसर, तेल, डिझेल आणि मेस्त्रींनी नको-नको म्हणत घेतलेले पैसे, गॅरेजच्या एका खेपेच्या बिलापेक्षा कमी झाला. पण खर्च हा मुद्दा नाही. एक पार्ट दोनदा बदलला गेला, आणि दोन्ही वेळा "कुठून?" हा प्रश्न विचारायला कोणाला वेळ नव्हता. तो प्रश्न विचारायला आम्हाला एक रविवार लागला. एरवीही घरात काही बिघडलं, एखादं उपकरण असो की एखादं नातं, तर आपण डाग पुसतो आणि समोर दिसेल तो पार्ट बदलतो. थोडी पावडर भुरभुरवून एक रात्र थांबावं, एवढंच माझं म्हणणं.

दलालाचा पुन्हा फोन आला. गळती थांबल्याचं त्याला कुठूनतरी कळलं असावं, कारण किंमत दुप्पट झाली होती. पुण्याच्या पुतण्याने आईला विचारलं. वहिनी म्हणाल्या, "आता गळत नाही ना, मग राहू दे. पण नुसती उभी ठेवायची नाही. दर महिन्याला कोणीतरी यायचं आणि चालवायची." यंत्राच्या दृष्टीने हा सल्ला अगदी बिनचूक आहे, सीलचा ओठ ओला राहतो. वहिनींनी तो सीलसाठी दिला होता की पोरांसाठी, ते मी विचारलं नाही. पुढच्या महिन्याची पाळी पुण्याची आहे.

तुमच्या दारात जुनी-नवी कोणतीही गाडी असो, या शनिवारी रात्री तिच्याखाली एक पांढरा पुठ्ठा सरकवून बघा. डाग दिसला तर कुठे पडला, कोणत्या रंगाचा, वास कसला, एवढं मला कळवा. पान्याला मात्र हात लावू नका. पुढच्या वेळी त्यातल्या काही डागांबद्दल बोलू.